'आन्सर फॉर' : जाब, जामीन आणि जबाबदारी

इंग्रजी क्रियापदे एकटीदुकटी असतात तोवर त्यांचे भय वाटत नाही. 'लुक' म्हणजे पाहणे, 'पुट' म्हणजे ठेवणे, 'टेक' म्हणजे घेणे, एवढे मराठी शाळेत पाचवी-सहावीपर्यंत पाठ होऊन जाते. घोटाळा सुरू होतो तो त्यांच्या मागे 'अप', 'आउट', 'टु', 'फॉर' असली शेपटी लागली की. मग शब्दकोशात 'लुक' सापडतो, 'आफ्टर' सापडतो, पण दोन्ही मिळून 'सांभाळणे' कसे झाले हे काही केल्या सापडत नाही. अशा जोडक्रियापदांची संख्या मोठी आहे आणि त्यांची यादी पाठ करणे म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी पाठ करण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. त्यापेक्षा एकच क्रियापद घ्यावे आणि ते नीट उलगडून पाहावे. म्हणून या लेखापुरते मी 'आन्सर फॉर' हे एकच निवडले आहे.

हेच का, असे कोणी विचारील. आपल्या वाणिज्य शाखेत हे क्रियापद कधी उघड, कधी वेष पालटून सारखे भेटते. करार कायद्यात भेटते, भागीदारीत भेटते, लेखापरीक्षणात तर ते मुक्कामालाच असते. परीक्षेत त्याचा अर्थ चुकला तर दोन गुण जातील. एखाद्या छापील फॉर्मवर सही करताना चुकला तर पगार जातो. याचे उदाहरण पुढे येईल.

प्रथम नुसते 'आन्सर' पाहू. 'आन्सर द क्वेश्चन', 'आन्सर द लेटर', 'आन्सर द डोअर', या सर्व ठिकाणी क्रियापदानंतर कर्म सरळ येते, मध्ये काही लागत नाही. आपली मुले मात्र हटकून 'आन्सर टु द क्वेश्चन' लिहितात. याचे कारण मराठीत 'प्रश्नाला उत्तर देणे' असते. त्या 'ला'ची सावली 'टु' होऊन इंग्रजीत पडते. कन्नड माध्यमातून आलेल्या मित्रांचेही तेच होते, कारण त्यांच्याकडे 'प्रश्नेगे उत्तर' असते. 'टु' चालतो तो 'आन्सर' हे नाम असेल तेव्हा : 'धिस इज द आन्सर टु युवर क्वेश्चन.' क्रियापदाला 'टु' लावला की अर्थच बदलतो, तो कसा हे लवकरच येईल.

आता 'फॉर'. 'फॉर' म्हणजे 'साठी' हे समीकरण आपल्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की 'ही हॅड टु आन्सर फॉर द लॉस' या वाक्याचे भाषांतर 'त्याला तोट्यासाठी उत्तर द्यावे लागले' असे सर्रास केले जाते. हे मराठी नव्हे. 'झालेल्या तोट्याचा जाब त्याला द्यावा लागला' किंवा 'तोटा त्याला भरून द्यावा लागला' हे मराठी. 'फॉर'चा अर्थ इथे 'च्याबद्दल' असा आहे, आणि कधी कधी 'च्या बदली' असाही. हजेरीच्या वेळी गैरहजर मित्राचा क्रमांक आला की मागच्या बाकावरून कोणीतरी दुसराच 'येस सर' म्हणतो, ते अगदी शब्दशः 'आन्सरिंग फॉर अ फ्रेंड' आहे. सर उठून मागच्या बाकापाशी आले की मग त्याच वाक्याचा दुसरा अर्थ लागू होतो.

व्याकरणाची आणखी एक गोष्ट सांगून हा भाग संपवतो. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात. शेपूट तोडून लांब ठेवता येते. 'आन्सर फॉर'चे तसे नाही. 'आन्सर फॉर हिम' म्हणायचे असेल तर 'आन्सर हिम फॉर' म्हणता येत नाही. काटेकोर वैयाकरण म्हणूनच याला खरे जोडक्रियापद न म्हणता शब्दयोगी क्रियापद म्हणतील. आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही. तोडायचे नाही एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

पहिला आणि मुख्य अर्थ म्हणजे एखाद्या कृत्याचा जाब देणे आणि त्याचे जे काही परिणाम असतील ते सोसणे. 'यू विल हॅव टु आन्सर फॉर धिस' हे वाक्य धमकीसारखे ऐकू येते, आणि ते तसेच आहे. मराठीत 'याचा जाब तुला द्यावा लागेल', किंवा घरगुती भाषेत 'हे तुलाच निस्तरावं लागेल.' इथे 'टु' आणि 'फॉर' यांची विभागणी पाहण्यासारखी आहे. 'टु' ज्याच्यापुढे उभे राहायचे तो माणूस दाखवतो आणि 'फॉर' ज्या गोष्टीबद्दल उभे राहायचे ती गोष्ट. 'द मॅनेजर आन्सर्स टु द डायरेक्टर्स फॉर द कॅश' : रोकडीबद्दल मॅनेजर संचालकांना जबाबदार असतो. इतक्या लहान वाक्यात कोण, कोणाला आणि कशाबद्दल या तिन्ही गोष्टी येऊन जातात. कंपनीच्या कारभाराचे अर्धे शास्त्र या दोन इवल्या अव्ययांत आहे असे मला वाटते. कोणत्याही संस्थेत गडबड झाली की शोधून पाहावे, 'टु'च्या जागेवर माणूस तरी नसतो, नाहीतर 'फॉर'च्या पुढची रक्कम तरी कोणी लिहिलेली नसते.

या अर्थाची एक गमतीदार पोटशाखा आहे : 'टु हॅव अ लॉट टु आन्सर फॉर'. इथे कर्ता माणूसच असावा लागतो असे नाही. 'द पर्सन हू इन्व्हेंटेड लाउडस्पीकर्स हॅज अ लॉट टु आन्सर फॉर' असे परीक्षेच्या दिवसांत आपल्या गल्लीत कोणीही म्हणेल. 'द मान्सून हॅज अ लॉट टु आन्सर फॉर' असेही म्हणता येते, आणि पावसाला काही कोणी कोर्टात उभे करत नाही. मराठीत याला एक ठरावीक शब्दप्रयोग नाही. 'या सगळ्याच्या मुळाशी तोच आहे', 'याचे पाप त्याच्या माथी', असे प्रसंग पाहून म्हणावे लागते. 'खापर फोडणे' मात्र इथे बसत नाही, कारण खापर फोडण्यात दोष बहुधा दुसऱ्याचाच असतो.

आता जरा शब्दांच्या कुळात शिरू, कारण माझ्या मते या क्रियापदातली खरी गंमत तिथे आहे. 'आन्सर' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'अँडस्वारु' असा होता. 'अँड' म्हणजे विरुद्ध, आणि 'स्वारु'चे नाते 'स्वेअर', म्हणजे शपथ घेणे, याच्याशी. म्हणजे मूळचे 'आन्सर' हे प्रश्नोत्तराचे नव्हेच. आरोप झाला असता त्याच्याविरुद्ध शपथेवर जे सांगायचे ते 'आन्सर'. वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर हा अर्थ त्याच्यावर नंतर चढला. 'आन्सर फॉर'मध्ये मात्र तो जुना कोर्टातला वास अजून शिल्लक आहे.

'रिस्पॉन्सिबल' या शब्दाची कथाही अशीच. तो लॅटिनमधल्या 'रेस्पोंदेरे'वरून आला. त्याचाही अर्थ उत्तर देणे. त्यातल्या 'स्पोंदेरे'चा अर्थ वचन देणे. आणि याच 'स्पोंदेरे'पासून 'स्पॉन्सर' झाला. क्रिकेटच्या सामन्यात खेळाडूंच्या अंगावर आणि सीमारेषेच्या फलकांवर ज्याचे नाव झळकते तो 'स्पॉन्सर' मूळच्या रोमन कायद्यात जामीनदार होता. दुसऱ्याच्या देण्याबद्दल वचन देऊन स्वतःला बांधून घेणारा. आजचा 'स्पॉन्सर' पैसे देतो आणि टाळ्या घेतो; जुन्याच्या वाट्याला टाळ्या आल्या असतील असे वाटत नाही.

मराठीकडे वळले तर आपला 'जबाबदार' हाही त्याच वाटेने आलेला दिसतो. 'जवाब' अरबी, म्हणजे उत्तर, तो फारशीतून आपल्याकडे आला, आणि 'दार' म्हणजे धारण करणारा, जसा दुकानदार, जमीनदार, भागीदार. ज्याच्याकडे उत्तर असते तो जबाबदार. इंग्रज, रोमन आणि आपण, तिघांनीही 'रिस्पॉन्सिबिलिटी'ला शब्द शोधताना उत्तराचाच आधार घेतला. पुढे संस्कृतावरून 'उत्तरदायी' केला तोही तोच. मराठीने मात्र एका 'जवाबा'चे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे काम दिले आहे. 'उत्तर' शिक्षक मागतात, 'जबाब' पोलीस नोंदवून घेतात, 'जाब' वरिष्ठ विचारतो, आणि 'उलट उत्तर' आईला आवडत नाही. या चारांपैकी 'आन्सर फॉर'च्या सर्वांत जवळ 'जाब' आहे. 'उलट उत्तर' म्हणजे 'आन्सर बॅक'. त्याचा आणि आपल्या विषयाचा संबंध नाही, पण गल्लत फार होते म्हणून सांगितले.

कन्नडमध्ये 'जवाब्दारि' आहेच. परंतु त्याहून अस्सल शब्द 'होणे' हा आहे. मराठी कानाला तो 'घडणे' या अर्थाचा वाटतो आणि म्हणून सुरुवातीला फसगत होते. कन्नडमधले त्यातले 'हो' आणि 'णे' दोन्ही ऱ्हस्व आहेत. 'अदक्के नीने होणे' म्हणजे 'त्याला तूच जबाबदार'. या 'होणे'चा जुना अर्थ जामीन, हमी असा आहे आणि 'होणेगार' म्हणजे जामीनदारही आणि जबाबदार माणूसही. म्हणजे कन्नडने उत्तराचा आधार घेतलाच नाही. सरळ जामिनापासून सुरुवात केली. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या मनात 'रिस्पॉन्सिबल' हा शब्द ऐकून दोन वेगळी चित्रे उभी राहत असतील, एकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस दिसत असेल आणि दुसऱ्याला सही करणारा, हे मला फार मजेचे वाटते. इंग्रजी 'आन्सर फॉर'मध्ये ही दोन्ही चित्रे आहेत. पहिले पाहून झाले. आता सही करणाऱ्याकडे येऊ.

'आय कॅन आन्सर फॉर हिज ऑनेस्टी' म्हणजे 'त्याच्या प्रामाणिकपणाची हमी मी देतो.' इथे बोलणाऱ्याने स्वतः काही केलेले नाही. तो दुसऱ्याच्या वतीने आपला शब्द खर्ची घालतो आहे. हा अर्थ बोलण्यातला वाटतो, पण त्याचा कायद्याशी संबंध जुना आहे. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, १६७७ साली, 'स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स' नावाचा कायदा झाला. दुसऱ्याचे कर्ज, कसूर किंवा गैरवर्तन यांबद्दल 'आन्सर' करण्याचे वचन लेखी आणि सहीनिशी असल्याखेरीज त्यावर दावा चालणार नाही, असे त्याच्या चौथ्या कलमात म्हटले. तोंडी हमीच्या खोट्या साक्षी काढून लोकांना बुडवू नये, हा हेतू. त्या कलमात गैरवर्तनाला 'मिसकॅरेज' हा शब्द आहे. आज त्याचा डॉक्टरी अर्थच अधिक प्रचारात असल्यामुळे पहिल्या वाचनात विद्यार्थी दचकतो.

आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात हमीची व्याख्या कलम १२६ मध्ये आहे. त्यात तीन माणसे असतात : धनको, मूळ ऋणको आणि जामीनदार. इंग्रजी कायद्याहून आपला कायदा इथे वेगळा आहे, कारण आपल्याकडे हमी तोंडी दिली तरी चालते. 'मी आहे ना' हे तीन शब्दही पुरेसे होऊ शकतात, सिद्ध करता आले पाहिजेत एवढेच. आणि कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. इंग्रजीत त्याला 'को-एक्स्टेन्सिव्ह' म्हणतात, म्हणजे दोन्ही सारख्याच लांबीरुंदीच्या.

हा शब्द पुस्तकात येण्याच्या आधी आमच्या घरात आला होता, म्हणून थोडे विषयांतर करतो. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, फाउंड्रीत कामाला आहेत. बरोबरच्या एका कामगाराने एका पतसंस्थेतून कर्ज काढले, त्याला दोन जामीनदार लागत होते, त्यांतले एक अप्पा. सातआठ हप्ते भरले गेले आणि नंतर तो माणूस काम सोडून गाव सोडून गेला. मी तेव्हा पी.यु.सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. नोटीस आली ती इंग्रजीत, वर कन्नडमध्ये चार ओळींचे पत्र जोडलेले. कन्नड मी वाचून दाखवले. इंग्रजीतल्या एका ठिकाणी अडलो : 'जॉइंटली अँड सेव्हरली'. 'सेव्हरल' म्हणजे पुष्कळ एवढेच तोवर माहीत होते. शब्दकोश काढून पाहिला तेव्हा कळले की त्याचा अर्थ 'सर्व मिळून आणि प्रत्येक जण वेगवेगळासुद्धा' असा आहे. म्हणजे संस्थेने वाटेल त्या एकाला धरून सगळी रक्कम मागावी. अप्पांचे म्हणणे एकच होते, "अरे, मी नुसती सही केलीय. पैसे तो घेऊन गेलाय. आधी त्याला शोधा म्हणावं."

हे म्हणणे न्यायाचे वाटते, पण कायद्याचे नाही. धनकोने आधी मूळ ऋणकोच्या मागे लागावे, तिथे काही मिळाले नाही तरच जामीनदाराकडे यावे, अशी सक्ती नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हे स्पष्ट केले आहे. तसे करावयास लावले तर हमीला अर्थच उरणार नाही, हा त्यामागचा विचार. जामीन घ्यायचा तोच मुळी अडचणीच्या वेळी चटकन हाताशी असावा म्हणून. अप्पांच्या पगारातून अडीच वर्षे कपात झाली. दुसऱ्या वर्षाची माझी फी आजोळहून आली.

कायद्याने जामीनदाराला काहीच दिलेले नाही असे नाही. त्याने देणे फेडले की कलम १४० प्रमाणे धनकोचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. कलम १४५ प्रमाणे, योग्य रीतीने भरलेली रक्कम तो मूळ ऋणकोकडून वसूल करू शकतो. कराराच्या अटी त्याच्या संमतीवाचून बदलल्या तर कलम १३३ प्रमाणे पुढच्या व्यवहारांतून तो सुटतो. आणि कलम १४६ सांगते की सहजामीनदारांनी, वेगळा करार नसेल तर, आपापसांत सारखा वाटा उचलायचा. आमच्या बाबतीत दुसरा जामीनदार गावातच होता. संस्थेने अप्पांना धरले आणि तो मोकळा राहिला. त्याच्याकडून निम्मे मागता येतात हे मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी कळले. घरी येऊन सांगितले तेव्हा हप्ते संपलेले होते, आणि अप्पा म्हणाले, "आता त्याच्या दारात कुठं जाऊ? तोही माझ्यासारखाच."

माझे मत असे की, हमीच्या फॉर्मवर सहीच्या जागेच्या वर, सही करणाऱ्याच्या भाषेत एक वाक्य छापावे : 'कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर ते मी भरीन आणि आधी त्याच्याकडे मागा असे म्हणणार नाही.' मराठीत पंधरा शब्द होतात. कन्नडमध्ये त्याहून कमीत बसेल. हे वाक्य वाचूनही अप्पांनी सही केली असती, असे ते स्वतः म्हणतात. पण मग ती जाणून केलेली सही झाली असती.

मूळ विषयाकडे येतो. 'आन्सर फॉर'चा तिसरा उपयोग नकारातला आहे आणि तो बोलण्यात फार चालतो. 'आय कान्ट आन्सर फॉर द अदर्स' म्हणजे 'मी माझ्यापुरते सांगतो, बाकीच्यांचे मला विचारू नका.' 'आय वोन्ट आन्सर फॉर द कॉन्सिक्वेन्सेस' म्हणजे 'पुढे काय होईल ते मग मला सांगायला येऊ नका.' सायकल-स्टँडवर 'सामान हरवल्यास मालक जबाबदार नाही' अशी पाटी असते तीही याच जातीची. गंमत अशी की ही पाटी लावली म्हणून मालक सर्व वेळी सुटतोच असे नाही. पैसे घेऊन सायकल ठेवून घेतली की कलम १५१ प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याला घ्यावीच लागते.

दुसऱ्याच्या कृत्याबद्दल जाब देणे हा प्रकार राज्यकारभारात कसा दिसतो याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत आणि दोन्ही सांगण्याजोगी आहेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये मद्रास राज्यात अरियालूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. रूळ काही त्यांनी तपासायचे नव्हते. त्याच वर्षी आधी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी तो देऊ केला होता, तेव्हा तो स्वीकारला गेला नव्हता. इथे 'ही आन्सर्ड फॉर इट' म्हणणे बरोबर. 'ही ओन्ड अप टु इट' म्हणणे साफ चूक. 'ओन अप' म्हणजे स्वतः केलेला अपराध कबूल करणे. 'आन्सर फॉर'ला अपराध लागतच नाही, पद लागते.

दुसरे उदाहरण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घालून विकत घेतले. फिरोज गांधींनी ते प्रकरण लोकसभेत लावून धरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला आणि त्याची सुनावणी जाहीरपणे झाली. प्रश्न असा होता की व्यवहार अर्थखात्याच्या सचिवांच्या पातळीवर ठरला असेल तर मंत्र्याने जाब का द्यावा? आयोगाचा निष्कर्ष असा की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. हाताखालच्या माणसाकडे बोट दाखवून त्याला बाजूला होता येणार नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. तेव्हा मंत्री 'टु पार्लमेंट' आणि 'फॉर हिज सेक्रेटरी'. वर सांगितलेली 'टु' आणि 'फॉर'ची विभागणी इथे तंतोतंत लागू पडते.

पण ही साखळी कुठेतरी थांबलीही पाहिजे, नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची. लेखापरीक्षणाच्या पुस्तकात किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ चा खटला आपण सर्व जण वाचतो. गिरणीच्या मॅनेजरने कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला, आणि ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवून ताळेबंद मंजूर केले. त्यांनी 'आन्सर' करावे काय? अपील कोर्टाने नाही म्हटले. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, ही न्यायमूर्ती लोप्स यांची उपमा त्याच निकालातली. साठा मोजणे त्यांचे काम नव्हते आणि मॅनेजरवर संशय घेण्याजोगे काही त्यांच्यापुढे आले नव्हते. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने मात्र कुत्र्याची साखळी बरीच लांब केली आहे. अधिकाऱ्यांनी केलेली ठरावीक रकमेवरची लबाडी लक्षात आली तर कलम १४३ प्रमाणे ऑडिटरला ती सरकारला कळवावीच लागते.

आता शेजारच्या घरात थोडे डोकावू. 'अकाउंट फॉर' हे 'आन्सर फॉर'चे चुलतभावंड, पण स्वभाव वेगळा. 'आन्सर फॉर'ला तोंड लागते, 'अकाउंट फॉर'ला वही. पहिल्यात जाब, दुसऱ्यात हिशेब. कन्नडमध्ये 'लेक्क कोडु'. १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम १६ आहे : भागीदाराने संस्थेचे नाव, मालमत्ता किंवा धंद्यातले संबंध वापरून स्वतःपुरता नफा मिळवला, तर त्या नफ्याबद्दल त्याने 'अकाउंट' करावे आणि तो संस्थेत भरावा. इथे 'स्पष्टीकरण द्यावे' असे भाषांतर केले तर भागीदार छान भाषण करील आणि पैसे खिशात ठेवील. 'हिशेब द्यावा' हेच हवे, आणि हिशेब दिल्यावर बाकी निघते ती भरावी लागते.

याच क्रियापदाचे इतर अर्थ झटपट सांगतो. 'हाउ डू यू अकाउंट फॉर द डिफरन्स?' म्हणजे या फरकाचे कारण काय. 'वेजेस अकाउंट फॉर हाफ द कॉस्ट' म्हणजे निम्मा खर्च मजुरीचा. अपघातानंतर 'ऑल पॅसेंजर्स आर अकाउंटेड फॉर' म्हणजे सर्व प्रवाशांचा ठावठिकाणा लागला. ते सुखरूप आहेत असे मात्र हे वाक्य सांगत नाही, आणि बातमी वाचताना हे विसरू नये. क्रिकेटच्या वार्तांकनात एखादा गोलंदाज तीन फलंदाजांना 'अकाउंट फॉर' करतो, म्हणजे बाद करतो. खतावणीत नोंद करून मोकळा होतो म्हणा ना.

सरावासाठी पाच वाक्ये देतो, ती दोन्ही भाषांत करून पाहावीत. 'द ट्रेझरर मस्ट अकाउंट फॉर एव्हरी रुपी.' 'आय विल आन्सर फॉर माय ब्रदर्स डेट.' 'शी आन्सर्स टु नोबडी.' 'चीप क्रेडिट हॅज अ लॉट टु आन्सर फॉर.' आणि 'द कॅशियर आन्सर्स टु द मॅनेजर, बट हू आन्सर्स फॉर द कॅशियर?' शेवटचे आधी कन्नडमध्ये करावे. 'होणे' हाताशी असल्यामुळे ते तिथे लवकर सुटते, आणि मग मराठीत 'जामीन' लिहायचे की 'जबाबदार' हे ठरवायला बसता येते.